घणाचे घाव धुण्याचा विधी

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या वणीच्या घरी देव्हाऱ्यातले टाक नवीन केले. जुने घासून घासून इतके झिजले होते की खंडोबा कोणता आणि देवी कोणती हे फक्त आईलाच कळायचं. नाशिकच्या सराफ बाजारातून चांदीचे नवे टाक आणले, गुरुजींना बोलावलं. प्राणप्रतिष्ठेच्या आधी त्यांनी एक विधी केला. त्याचं नाव मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं : अग्न्युत्तारण. टाकांना तूप लावलं, ताम्हनात ठेवले आणि मंत्र म्हणत वरून पाण्याची बारीक धार धरली. मी विचारलं, हे कशासाठी? गुरुजी धार न थांबवता म्हणाले, "घडवताना मूर्ती आगीत जाते, हातोड्याचे घाव बसतात. तो दोष आधी काढायचा. मग देव येतो."

कोपऱ्यात खुर्चीवर आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे माझे आजोबा, साठ वर्षं सुतारकाम केलेले. ते म्हणाले, "म्हणजे कारागीर धुवून काढायचा."

गुरुजी हसले, आईने आप्पांकडे डोळे मोठे केले, आणि पूजा पुढे गेली. मी मात्र तिथेच अडकलो. कारण नेमकं हेच मी त्याआधीचे दोन महिने ऑफिसच्या बसमध्ये फोनवर वाचत होतो, सव्वीसशे वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवरून.

त्या विधीचं नाव 'मीस पी'. अक्कादी भाषेत याचा अर्थ 'तोंड धुणं'. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, देवाची नवी मूर्ती घडवली किंवा जुनी दुरुस्त केली की ती देवळात बसवण्याआधी हा विधी करत. त्याच्या पाट्या निनवेच्या ढिगाऱ्यांत सापडल्या, अश्शूरबानिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहात, इ.स.पू. सातव्या शतकातल्या. बॅबिलोनची आणखी एक प्रत आहे. ख्रिस्तोफर वॉकर आणि मायकल डिक या दोघांनी 2001 मध्ये सगळे तुकडे जुळवून इंग्रजी भाषांतरासह त्याची आवृत्ती काढली. विद्वानांसाठी काढलेलं पुस्तक आहे, पण माझ्यासारख्याला ते चक्क युजर मॅन्युअलसारखं वाचता आलं. पहिली पायरी, दुसरी पायरी, हे भांडं इथे ठेव, हा मंत्र तीनदा म्हण.

विधी दोन दिवस चालतो. पहिल्यांदा मूर्ती कार्यशाळेतच असते. तिथे शुद्ध पाण्याची भांडी मांडतात. त्या पाण्यात झाऊची डहाळी, खजुराचा कोंब, आपल्या रिठ्यासारखा फेस देणारी एक वनस्पती, मौल्यवान खडे, तेल, तूप, मध असं बरंच काही जातं. त्याने मूर्तीचं तोंड धुतात. मग मशालीच्या उजेडात मिरवत तिला नदीकाठी नेतात, बागेत बोरूच्या झोपड्या उभारून तिथे ठेवतात. रात्र उघड्या आभाळाखाली जाते, ताऱ्यांना नैवेद्य होतो. सकाळी सूर्याकडे तोंड करून पुन्हा विधी. बॅबिलोनच्या प्रतीत मोजलं तर तोंड चौदा वेळा धुतलं जातं. जलाधिवास, धान्याधिवास, नेत्रोन्मीलन पाहिलेल्या कुणालाही यात फार परकं वाटणार नाही. उगाच 'हे आपल्याकडूनच तिकडे गेलं' असे फॉरवर्ड मात्र कुणी बनवू नयेत. तसा कसलाही पुरावा नाही आणि गरजही नाही.

मला थांबवलं ते दोन प्रसंगांनी.

पहिला नदीकाठचा. ज्या हत्यारांनी मूर्ती घडवली ती हत्यारं, म्हणजे वाकस, पटाशी, करवत, मेंढ्याच्या मांडीत घालतात. सोबत सोन्याचांदीची कासवं. मांडी बांधतात आणि नदीत सोडून देतात. पाणी हे ईआ या देवाचं, कारागिरीही त्याचीच, तेव्हा ज्याचं त्याला परत.

दुसरा प्रसंग दुसऱ्या दिवशीचा. ज्या ज्या कारागिरांनी मूर्तीला हात लावला होता त्यांना पुढे बोलावतात. त्यांचे हात पट्टीने बांधतात आणि झाऊच्या लाकडाच्या सुरीने ते 'कापतात'. खरे कापत नाहीत, कापल्यासारखं करतात. मग एकेक जण शपथ घेतो. सुतार सांगतो की ही मी घडवली नाही, सुतारांच्या देवाने घडवली. सोनार, लोहार, सगळे आपापल्या देवाचं नाव घेऊन हात झटकतात. याच विधीत मांत्रिक मूर्तीच्या कानात सांगतो की आता तुझी गणना देवांत झाली.

हे वाचल्यावर मी पुस्तक बंद केलं, म्हणजे फोन खिशात ठेवला, आणि आप्पांचे हात आठवले. डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापासून नाही. करवतीवर गेली, 1987 साली.

आता दुसऱ्या बाजूला या. मीस पीची ही निनवेची प्रत लिहिली गेली त्यानंतर साधारण शंभर वर्षांत जेरुसलेम पडलं. यहुदी लोक बॅबिलोनमध्ये बंदी म्हणून आले. तिथे त्यांनी हे उत्सव, या मिरवणुका डोळ्यांनी पाहिल्या असणार. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा 44वा अध्याय आणि यिर्मयाचा 10वा अध्याय हे मूर्तिकारांवरचे जहरी उपहास आहेत. यशयाचा सुतार झाड तोडतो, दोरीने मापतो, खडूने आखतो, रंधा मारतो. अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, मांस शिजवतो, अंग शेकतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. यिर्मयाला गंमत वाटते ती देव हलू नये म्हणून मारलेल्या खिळ्यांची. स्तोत्रसंहितेतलं 115वं स्तोत्र तर यादीच देतं : तोंड आहे पण बोलत नाही, नाक आहे पण वास येत नाही. मीस पीचा मंत्रही जवळजवळ हीच यादी सांगतो! तोंड उघडल्याशिवाय मूर्तीला धुपाचा वास येत नाही, अन्न खाता येत नाही, पाणी पिता येत नाही. म्हणजे बॅबिलोनच्या पुरोहितालाही ठाऊक होतं की लाकूड हे लाकूडच असतं. फरक एवढाच, की त्याच्याकडे त्यावर उपाय होता आणि स्तोत्रकाराच्या मते उपाय नव्हताच.

या दोन परंपरांची तुलना करताना अभ्यासक सहसा एक स्वच्छ रेघ मारतात. लेवीय या पुस्तकावर तीन जाडजूड खंड लिहिणाऱ्या जेकब मिलग्रम यांची मांडणी सगळ्यांत प्रसिद्ध. त्यांच्या मते मेसोपोटेमियात विटाळ भुताखेतांकडून, बाहेरच्या दुष्ट शक्तींकडून येतो, म्हणून तिथे मांत्रिक लागतो. बायबलने भुतं हाकलून दिली. आता विटाळ फक्त माणसाच्या शरीरातून आणि वागण्यातून येतो, म्हणून तिथे नियम आणि जबाबदारी आली. मांडणी आकर्षक आहे आणि पुष्कळ ठिकाणी लागूही पडते. पण मीस पीपाशी ती अडते. तिथे मूर्तीच्या अंगावरून काय धुतलं जातंय? एखादं भूत तर नक्कीच नाही. तिथे धुतला जातोय माणूस. पाटीवर तसं थेट वाक्य नाही, मान्य. पण ज्या विधीत हत्यारं नदीत जातात आणि हात कापले जातात, तिथे दोष कशाचा मानला आहे हे सांगायला वेगळं वाक्य कशाला लागतं?

आणि बायबल? तिथे देवासाठी वेदी बांधायची तर अनघड दगडांची, असा निर्गमच्या 20व्या अध्यायातला नियम आहे. हत्यार लागलं की दगड भ्रष्ट झाला. शलमोनाचं मंदिर बांधताना दगड खाणीतच घडवून आणले आणि जागेवर हातोड्याचा किंवा कोणत्याही लोखंडी हत्याराचा आवाज येऊ दिला नाही, असं राजांच्या पहिल्या पुस्तकात कौतुकाने सांगितलंय. या नियमामागे लोखंड म्हणजे तलवार, म्हणजे हिंसा, असं एक स्पष्टीकरण जुन्या यहुदी भाष्यांत येतं. ते सुंदर आहे. पण पटाशी आणि तलवार यांतला फरक न कळण्याइतके ते लोक शेतीभातीपासून लांब नव्हते.

म्हणजे ज्या दोघांना आपण कट्टर विरोधक समजतो ते एका मुद्द्यावर एकमत आहेत. बॅबिलोनचा पुरोहित म्हणतो, माणसाचा हात लागलाय, तो धुतल्याशिवाय हा देव नाही. यशया म्हणतो, माणसाचा हात लागलाय, तो कितीही धुतला तरी हा देव नाही. हात हा डाग आहे, हे दोघांनाही मान्य. मूर्तिपूजा आणि मूर्तिविरोध या भांडणात आपण इतके रमतो की त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला सुतार दिसत नाही.

बायबलच्या बाजूने बसालेलचं नाव घेता येईल. निर्गमच्या 31व्या अध्यायात देव स्वतः त्याला नावाने बोलावतो, त्याच्यात आपला आत्मा भरतो आणि निवासमंडप घडवायला सांगतो. कारागिराला इतका मान, तोही बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट! मीस पीत एकाही कारागिराचं नाव नाही. हे वाचून मी खूश झालो होतो. मग पुढे वाचत गेलो. मंडप पूर्ण होतो, मोशे त्याला तेलाचा अभिषेक करतो, आणि त्या क्षणापासून आत जायचा हक्क अहरोनाच्या कुळाचा. परका जवळ आला तर मृत्युदंड, असं गणना या पुस्तकात स्पष्ट आहे. बसालेल यहूदा वंशाचा. याजकांच्या कुळातला नाही, लेवीसुद्धा नाही. आतला कोश त्याने घडवला, सोन्याचा दीपवृक्ष त्याने घडवला, आणि त्याच वस्तूंपाशी जाण्याची त्याला बंदी झाली. त्याबद्दल त्याला काय वाटलं हे कुणी लिहिलेलं नाही. (आमच्यात रिलीज झाल्यावर तासाभरात डेव्हलपरचा प्रॉडक्शन ॲक्सेस काढून घेतात. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. तरी रात्री दोन वाजता काही मोडलं की फोन कुणाला येतो?)

खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. यशयाच्याच सहाव्या अध्यायात संदेष्ट्याला देवाचं दर्शन होतं आणि तो घाबरून म्हणतो की माझे ओठ अशुद्ध आहेत. तेव्हा एक सराफीम, म्हणजे पंखांचा देवदूत, वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून त्याच्या ओठांना लावतो. व्हिक्टर हुरोविट्झ या अभ्यासकाने 1989 मध्येच याचं नातं मेसोपोटेमियातल्या मुखशुद्धीशी जोडलं. तिकडेही तोंड फक्त मूर्तीचंच धुत नसत, पुरोहिताचं आणि राजाचंही धुत. पण बायबलमध्ये मूर्ती उरलीच नाही, तेव्हा तोंड फक्त माणसाचं राहिलं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या 'त्सेलेम'मध्ये घडतो. हा हिब्रू शब्द आणि मूर्तीसाठीचा अक्कादी शब्द 'सल्मु' हे सख्खे भाऊ आहेत. दुसऱ्या अध्यायात तर देव मातीचा माणूस घडवून त्याच्या नाकात श्वास फुंकतो. प्राणप्रतिष्ठाच ती. मूर्ती घडवू नका, कारण मूर्ती आधीच घडली आहे आणि ती दोन पायांवर चालते, असा याचा अर्थ लावता येतो. मला तो मोठा वाटतो. मग हीच परंपरा हत्यार धरलेल्या हाताशी इतकी तुटक का वागते, हे कोडं त्यामुळे आणखी अवघड होतं.

यशयाच्या 44व्या अध्यायावर माझा राग होता. दहाव्यांदा वाचल्यावर तो थोडा निवळला, त्याला कारण एक बारकावा. त्या अध्यायातला लोहार निखाऱ्यांवर वाकून काम करताना उपाशी राहतो, त्याची ताकद जाते, पाणी न मिळाल्याने तो गळून जातो. हे हसण्यासाठी लिहिलंय, की बघा, देव घडवणाऱ्याला साधी तहान आवरत नाही. पण या सगळ्या पाट्या आणि पोथ्यांत कारागिराला तहान लागते ती फक्त इथे. श्रद्धेने लिहिलेल्या विधीत तो हात बांधून नाही म्हणण्यापुरता येतो. टवाळी करणाऱ्याने मात्र त्याला नीट पाहिलं होतं, अगदी भात्यापाशी उभं राहून.

आता गडाबद्दल. वणीच्या लोकांना सप्तशृंगीचं वेगळं सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. देवी डोंगराच्या कड्यातच आहे, आठेक फूट उंच, अठरा हातांची, आणि स्वयंभू. स्वयंभू म्हणजे कुणी घडवलेली नाही. अग्न्युत्तारण नको, हत्यारं नदीत टाकणं नको, कुणाचे हात बांधणं नको. मीस पी चौदा वेळा तोंड धुऊन जे साधायला बघतं, ते इथे आधीच आहे. पिढ्यानपिढ्या शेंदराचे थर चढत गेले आणि मूळ रूप दिसेनासं झालं. 2022 च्या पावसाळ्यात मंदिर दर्शनाला बंद ठेवून तो शेंदूर काढला आणि नवरात्रात देवीचं जुनंच रूप नव्याने दिसलं. फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर आले तेव्हा आई रडली. आप्पांना गड चढणं आता जमत नाही. त्यांनी माझा फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, दागिन्यांची कड पाहिली, हात पाहिले, बोटं पाहिली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हात बसलेला माणूस होता."

आईने ऐकलं नाही ते बरं झालं. पण आप्पांचा सूर नास्तिकाचा अजिबात नव्हता. फोन परत देण्याआधी त्यांनी तो कपाळाला लावला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर आप्पांचं दुःख मी उगाच मोठं करीन. कारागिराचा हात धुणं आणि माणूसच विटाळ मानणं यांत अंतर आहे. बॅबिलोनचा सुतार संध्याकाळी पट्टी सोडून घरी जात असेल, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर. लेवीयमधला बहुतेक विटाळ अंघोळ केली आणि सूर्य मावळला की संपतो, कधी सात दिवसांत. त्यातून बाहेर यायची वाट त्याच पानावर लिहिलेली असते. आपल्याकडे ज्यांना अस्पृश्य ठरवलं त्यांच्यासाठी अशी कुठलीच संध्याकाळ ठेवलेली नव्हती. नाशिकचं काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दगडात बांधलं. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्याच्या दारापाशी आले, दारं बंद झाली, आणि सत्याग्रह 1935 पर्यंत चालूनही ती उघडली नाहीत. तो दगड फोडणारे, वाहणारे हात कुणाचे होते याची यादी कुठे लागलेली नाही. पण दगड काही आपल्या पायांनी चालत आले नव्हते. आप्पांना गाभाऱ्याबाहेर थांबवलं असेल, सभामंडपात ते बसू शकत होते. या दोन गोष्टी एका मापात घालता येणार नाहीत.

तरीही नातं आहे, असं मला वाटतं. हात डाग मानायची सवय एकदा लागली की तो डाग हातापुरता ठेवायचा की हाताच्या मालकावर, हे पुढे सत्ता असेल तो ठरवतो.

आप्पांना मी मीस पीची सगळी गोष्ट सांगितली. लाकडाच्या सुरीचं ऐकून ते खूप हसले. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "चांगलंच आहे की. उद्या देव पावला नाही तर सुताराकडे कुणी येणार नाही." हा अर्थ माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण अभ्यासकांतही असं मानणारे आहेत, की ती शपथ म्हणजे कारागिराचा अपमान नव्हे. घडवणारे हात तेव्हा देवांचेच होते, माणसाने फक्त ते उसने दिले. एसरहद्दोन या अश्शूरी राजाचा एक लेख आहे. देव घडवायचं काम कुणाला द्यायचं हे त्याने शकुन पाहून देवांनाच विचारलं, असं तो म्हणतो. तिथे कारागीर जवळजवळ निवडलेला, मानाचा माणूस आहे. हा अर्थ खोडता येत नाही. पण हत्यारं नदीत का, याचं उत्तर त्यात मला नीट मिळत नाही. आमच्याकडे खंडेनवमीला आप्पांची पटाशी आणि करवत पाटावर मांडून तिला फुलं वाहतात. त्यांच्या शेजारी आता माझा लॅपटॉप असतो, त्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट.

मग मी पालखीचं विचारलं. आप्पांनी तीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावच्या देवीची सागवानी पालखी केली होती. सहा महिने लागले. पूजा झाली, देवी आत बसली, आप्पा सवयीने खांबाची एक चूळ हाताने तपासायला गेले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आता हात लावू नका आप्पा." ही गोष्ट घरात गमतीची म्हणून सांगितली जाते. मी विचारलं, वाईट वाटलं होतं का?

ते म्हणाले, "दोन वर्षांनी दांडा चिरला ना. मग आले बोलवायला. मी म्हटलं, मी हात लावू का? तर म्हणे थांबा. आधी देवीला खाली उतरवलं, पाटावर बसवलं, नारळ फोडला. मग मला म्हणे, घ्या आता."

"मग?"

"मग काय. तिला बाजूला बसवून दिवसभर काम केलं. ती बघत होती."

त्यांनी उजव्या हाताने डाव्या तर्जनीचं टोक चोळलं, जिथे ते नाही तिथे, आणि चहा मागितला.